घाट चढताना गाडी बंद पडायलीय. पेट्रोल कमी पडतंय का करंट? (१०० सीसी, कार्बोरेटर)

घाटाखालचा | धारूर तालुका | ३ एप्रिल, रात्री ९:१०

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहायलोय.

तेलगावच्या बाजूला घाटाखाली आमची वस्ती आहे. रोज पहाटे दोन कॅनमध्ये चाळीस लिटर दूध घेऊन घाट चढून धारूरला घालतो. गाडी १०० सीसीची, कार्बोरेटरवाली, २०१२ ची. दिवाळी झाली की आम्ही घरचे सगळे ऊसतोडीला जातो, ते पाडव्याला परत येतो. म्हशी तेवढे दिवस चुलत्याकडे असतात आणि गाडी पत्र्याच्या शेडात, वरून पोती टाकून. यंदा जाताना टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल होतं, ते तसंच राहिलं.

आल्यावर चार-पाच किका मारल्या की सुरू झाली. धूर निघाला थोडा, मग बरी चालली. सपाटीला काही त्रास नाही. पण घाट सुरू झाला की दोन-तीन वळणांत गाडी दम सोडते. रेस दिली तरी वर जात नाही, हिसके मारते, भुकभुक करते आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू होते, परत एक-दोन वळणं जाते, परत तेच. काल दोनदा थांबलो, डेअरीचं माप बंद झालं होतं. बाहेर ४१ चा उन्हाळा. चाळीस लिटर दूध नासलं. चुलत्याच्या म्हशीचंही त्यात होतं, त्याला तोंड कसं दाखवू असं झालंय.

दोन मिस्त्र्यांना दाखवली. एकाने प्लग बदलला, एकाने कॉइल आणि प्लगची टोपी बदलली, कार्बोरेटर खोलून धुतला. २६०० रुपये गेले. फरक शून्य. आता तिसरा म्हणतोय इंजिनचं काम काढू. त्याआधी इथं विचारावं म्हटलं.

---

गोदाकाठ | गंगाखेड | ३ एप्रिल, रात्री ९:३२

इंजिनचं काम काढू नका. इंजिन गेलेलं असतं तर दहा मिनिटांनी परत तशीच पळाली नसती. मेन जेट (कार्बोरेटरमधला, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचा तुकडा) बुजला असेल. क्लच वायरची एक तार काढून जेटच्या भोकात फिरवा, कचरा निघून जाईल. मी कायम तसंच करतो.

---

देवगिरी_रायडर | छत्रपती संभाजीनगर | ३ एप्रिल, रात्री १०:०५

उन्हामुळे पेट्रोलची वाफ होऊन नळीत हवा धरत असेल. नळी सिलिंडरला चिकटली आहे का बघा. पुढच्या वेळी बंद पडली की नळीवर आणि कार्बोरेटरवर ओलं फडकं ठेवून बघा.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ३ एप्रिल, रात्री ११:२०

घाटाखालचा, बाळा, आधी एक सांगतो. २६०० रुपये गेले ते गेले. आता एकही नवीन सामान घालायचं नाही. गाडीला काय झालंय हे गाडीच सांगते, पण ती फक्त बंद पडल्या जागी सांगते. गॅरेजात ढकलत आणेपर्यंत पुरावा निघून गेलेला असतो. तुझ्या दोन्ही मिस्त्र्यांकडे गाडी पोहोचली तेव्हा ती चालूच असणार. चालू गाडीत ते काय बघणार?

पेट्रोलची वाट डोक्यात पक्की कर. टाकीचं झाकण, टाकी, कॉकवरची जाळी, कॉक म्हणजे पेट्रोलची तोटी, नळी, कार्बोरेटरची फ्लोट पिन (वाटी भरली की पेट्रोल अडवते ती), खालची वाटी, वाटीतून जेट, जेटमधून इंजिन. तुझ्या गाडीला पंप नाही. पेट्रोल नुसतं वरून खाली स्वतःच्या वजनाने येतं. या वाटेत कुठंतरी कमी पडतंय असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर जायचं नाही.

करंटचा (प्लगच्या ठिणगीचा) दोष आणि पेट्रोलचा दोष वरवर सारखे दिसतात. दोन्हींत गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते. फरक मरताना कळतो. करंट गेला की बहुतेक वेळा बटण दाबल्यासारखी फटकन बंद होते. पेट्रोल संपत आलं की आधी दम सोडते, हिसके देते, रेस कमी केली की थोडी सावरते आणि मग मरते. तू लिहिलंय ते दुसऱ्या प्रकाराचं आहे.

उद्या घाटात हे कर. गाडीने दम सोडायला सुरुवात केली की चालत्या गाडीवर चोक अर्धा ओढ. क्षणभर का होईना उचलली तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की, कारण चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. बंद पडली की रस्त्याच्या कडेला घे आणि लगेच कॉक बंद कर. हे विसरू नको. कॉक उघडा राहिला तर तू विचार करेपर्यंत वाटी हळूहळू परत भरते आणि सगळा घोळ होतो.

मग कान जवळ नेऊन टाकीचं झाकण हळू उघड. आत हवा ओढल्याचा फुस्स असा आवाज येतो का ऐक. नंतर पंधरा मिनिटं थांब, सायलेन्सर निवू दे. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. निवली की कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून त्या बारक्या नळीतून येणारं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत घे. किती आलं, कसं दिसतंय, मला सांग.

वाटी भरलेली निघाली तर वरची सगळी वाट चांगली, दोष जेटात नाहीतर करंटात. वाटी रिकामी निघाली तर जेटाला हात लावायचं कारणच नाही, दोष वाटीच्या वर आहे. एवढ्या एका स्क्रूने अर्धं काम संपतं.

गोदाकाठ, तुमच्या तारेबद्दल नंतर बोलतो.

---

काळी_माती | नांदेड | ४ एप्रिल, सकाळी ७:१५

मिस्त्रीकाकांनी सांगितलेलं अगदी बरोबर. मी तंत्रनिकेतनात शिकवते, मुलांना हेच सांगते की आधी वाट मधोमध कापा, म्हणजे दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं.

फक्त एक जोड. करंट बघायचा असेल तर तो पेट्रोल काढायच्या आधी बघा. प्लग काढून टोपीत बसवून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि किक मारायची, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण शेजारी पेट्रोलची उघडी बाटली ठेवून हे करणारे मी पाहिलेत. प्लगच्या रिकाम्या भोकातूनही पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथून प्लग लांब धरा. आणि जवळ कुणालाही बिडी पेटवू देऊ नका.

---

सोयाबीन_उत्पादक | औसा | ४ एप्रिल, सकाळी ९:४०

वाचतोय. आमच्याकडं पण तीच तऱ्हा आहे, फक्त घाट नाही. निकाल काय लागला ते कळवा.

---

घाटाखालचा | ४ एप्रिल, दुपारी १२:५०

काका, जसं सांगितलं तसंच केलं.

चोक ओढला तर गाडीने एकदम उचल खाल्ली, शंभर-दीडशे फूट गेली आणि मग मेली. कॉक लगेच बंद केला. झाकण उघडलं तर मोठ्ठा फुस्स झाला! आजवर कधी लक्षच दिलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी वाटीचं पेट्रोल काढलं, तर चमचाभरसुद्धा नाही. ते पण लालसर, पाण्यात विटकरीचा भुगा मिसळल्यासारखं.

मग झाकण परत लावलं, कॉक चालू केला, थोडं थांबून निघालो तर न थांबता धारूर गाठलं. आज दूध मापात बसलं.

---

देवगिरी_रायडर | ४ एप्रिल, दुपारी १:१०

झालं मग, झाकणच. हवेचं भोक बुजलंय. मोकळं करा, विषय संपला.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ४ एप्रिल, रात्री १०:३०

शाब्बास. झाकणाचा दोष आहेच. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल जागीच लटकतं. तुपाच्या डब्याला एकच बारीक भोक पाडलं तर तूप थेंब-थेंब येतं, दुसरं भोक पाडलं की धार लागते. तसंच हे. झाकण आतून बघ, रबराच्या मधे किंवा कडेला हवेची बारीक वाट असते. त्यात धूळ आणि तेलाचा चिकट थर बसतो. रॉकेल नाहीतर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून पंक्चरवाल्याकडची हवा मार. आतली लहान गोळी किंवा झडप हरवू नको, गाडी पडली तर पेट्रोल सांडू नये म्हणून ती असते. आणि झाकण उघडं ठेवून किंवा नुसतं टेकवून घाटात गाडी चालवायची नाही.

पण विषय संपला असं मी म्हणणार नाही. लाल पेट्रोल मला आवडलेलं नाही. पाच महिने अर्धी टाकी उभी होती. मोकळ्या अर्ध्या भागात रात्रीच्या गारव्याने दव धरतं आणि पत्रा गंजतो. चार दिवस चालवून बघ आणि लिही.

---

काळी_माती | नांदेड | ४ एप्रिल, रात्री ११:०५

यात आताच्या पेट्रोलचाही भाग आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. थोडी ओल ते स्वतःत सामावून ठेवतं, पण प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं. कॉक तळालाच असतो, म्हणजे पहिला घोट त्याचाच. शिवाय इथेनॉल जुना साचलेला मळ सुटा करतं, तो वाहत जाळीपर्यंत येतो. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याने फुगतात किंवा कडक होतात, त्यामुळे २०१२ च्या गाडीची पेट्रोलची नळी एकदा दाबून बघा. चिरा दिसल्या तर बदला.

मायलेजबद्दल इथे नेहमी वाद होतो म्हणून लिहिते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींना २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्के फटका बसेल असा अंदाज दिला होता. साठची गाडी अठ्ठावन्न देईल, एवढाच. चाळीसवर आली तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका, दुसरं काही शोधा.

---

परभणीचा_पाहुणा | परभणी | ५ एप्रिल, सकाळी ८:२०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझी गाडी २०२१ ची, फ्युएल इंजेक्शनची. कधीकधी चावी लावली की नेहमीचा झिंइंइं आवाज येत नाही आणि गाडी सुरू होत नाही. दोन-तीनदा चावी फिरवली की होते. पंप बदलायला सांगितलाय, मोठा खर्च आहे.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ५ एप्रिल, सकाळी ९:००

पाहुणे, तुमच्या गाडीची तऱ्हा वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराचे कडक नियम) आलं तेव्हा बहुतेक गाड्यांचे कार्बोरेटर गेले. तुमच्या टाकीत विजेवरचा पंप आहे. चावी लावल्यावर दोन-तीन सेकंद ऐकू येतो तो त्याचाच आवाज, नळीत दाब तयार करतो. हा दाब साधारण ३ बार असतो, म्हणून माझ्यासारखं नळी उपसून बाटलीत पेट्रोल बघायचा प्रयोग तुम्ही करायचा नाही. फवारा उडतो. दाब मोजायला मीटर लागतो, तो गॅरेजवाल्याने लावावा.

आवाज कधी येतो, कधी येत नाही, म्हणजे पंपापेक्षा पंपाला मिळणाऱ्या विजेवर माझा संशय जास्त. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दोन-चारदा चालू-बंद करा. बॅटरीची टोकं हाताने हलवून बघा. मल्टिमीटरने व्होल्ट मोजा, गाडी बंद असताना १२.४ च्या वर पाहिजे. फ्यूज काढून तोंडं साफ करून परत बसवा. मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा चावी लावल्यावर पेटून गाडी सुरू झाल्यावर विझतो का, का लुकलुकतो? लुकलुकत असेल तर किती वेळा ते मोजून ठेवा, त्यावरून दोषाचा नंबर कळतो. आणि कायम रिझर्ववर चालवायची सवय असेल तर सोडा. पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो.

---

परभणीचा_पाहुणा | परभणी | ५ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

काका, बॅटरीचं काळं टोक ढिलं निघालं, बोटाने फिरत होतं. पांढरी भुकटी पण जमली होती. साफ करून कसलं. सकाळपासून दहा वेळा चावी लावली, दहाही वेळा आवाज आला. १२.६ दाखवतोय. तुमचे उपकार.

---

घाटाखालचा | ७ एप्रिल, रात्री ८:५५

काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं. झाकण साफ केल्यावर दोन दिवस गाडी घोड्यासारखी पळाली. आज परत तिसऱ्या वळणावर दम सोडला. या वेळी झाकण उघडलं तर आवाज अजिबात नाही. वाटी मात्र रिकामीच.

घरी येऊन टाकीतलं पेट्रोल काढायला नळीने तोंडाने ओढलं, थोडं घशात गेलं, अजून जळजळतंय. पुढं काय करू?

---

काळी_माती | नांदेड | ७ एप्रिल, रात्री ९:०२

भाऊ, आधी तब्येतीचं. पेट्रोल पोटात गेलं तर उलटी मुद्दाम काढू नका, उलटी होताना ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखं होतं आणि ते जिवावर बेततं. खोकला सुरू झाला, दम लागला, ताप आला तर सकाळची वाट न पाहता अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जा आणि पेट्रोल तोंडात गेलं होतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आज रात्री घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा, लक्ष राहू द्या.

इथं वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, तोंडाने पेट्रोल ओढू नका. आपल्याकडे सर्रास चालतं म्हणून ते निर्धोक होत नाही. कॉकची नळी काढली की पेट्रोल आपोआप खाली येतं, नाहीतर हाताने दाबायचा रबरी पंप मिळतो.

---

घाटाखालचा | ८ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, रात्री काही त्रास झाला नाही. खोकला नाही, ताप नाही. आई रात्रभर जागी होती. परत असं करणार नाही.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ८ एप्रिल, सकाळी ७:१०

बरं वाटलं ऐकून. आता धारेची परीक्षा घे. गोठ्यापासून लांब, उघड्यावर, सावलीत, गाडी थंड असताना. कार्बोरेटरकडची नळी काढ आणि मापाची बाटली लाव. तुझ्याकडे दुधाचं माप असेलच, पण ते पुन्हा दुधाला वापरू नको. झाकण लावलेलं ठेव. कॉक चालू कर आणि मोबाइलवर वेळ लाव. मोबाइल हातात धरून जवळ वाकू नको, बाजूला ठेव.

सगळे इथं चुकतात. नळी काढतात, पहिली धार जोरात येते, "पेट्रोल येतंय की" म्हणतात आणि नळी परत लावतात. पहिल्या धारेवर जायचं नाही. पूर्ण तीन मिनिटं धार बघायची. दर मिनिटाला किती आलं ते लिहून ठेव.

---

घाटाखालचा | ८ एप्रिल, दुपारी २:१५

लिहून काढलं:
पहिलं मिनिट १८० मिली
दुसरं मिनिट ७० मिली
तिसरं मिनिट २० मिली, नंतर सुतासारखी धार

झाकण उघडून परत केलं तरी तेच. कॉक बंद करून गाडी दोन्ही बाजूंना हलवली आणि परत चालू केलं की पहिली धार पुन्हा जोरात, मग पुन्हा बारीक.

---

काळी_माती | नांदेड | ८ एप्रिल, दुपारी ३:००

या आकड्यांनी सगळं उघड केलं. हिशेब मांडून दाखवते.

सपाटीला गाडी ताशी ४० ने चालली आणि लिटरला ६० किलोमीटर देत असेल, तर तासाला पाऊण लिटरच्याही आत पेट्रोल लागतं. मिनिटाला साधारण ११ मिली. म्हणून २० मिलीची सुतासारखी धारही सपाटीला पुरते आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही. घाटात चाळीस लिटर दूध घेऊन ताशी ३० ने चढताना लिटरला २५ पडत असतील असं धरा. म्हणजे तासाला १.२ लिटर, मिनिटाला २० मिली. इथे येणं आणि जाणं बरोबरीवर आलं. जाळी आणखी थोडी बुजली आणि धार १० वर आली, की दर मिनिटाला १० मिलीची तूट. वाटीत दोन-तीन मोठे चमचे पेट्रोल असतं, ते तीन-चार मिनिटांत संपतं. तुमची तीन वळणं ती हीच.

दहा मिनिटं थांबल्यावर ती सुतासारखी धार वाटी परत भरते, म्हणून गाडी सुरू होते. यात इंजिन गरम-थंड होण्याचा काही संबंध नव्हता. मिस्त्री कॉइल बदलत राहिले कारण "गरम झाल्यावर बंद पडते" एवढंच ऐकलं.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ८ एप्रिल, रात्री ९:३०

ताईंनी माझ्या मनातलं मांडलं. मला इतकी वर्षं हे हाताने कळायचं, आकड्यात आज कळलं.

बाळा, गंज टाकीत सुटा फिरतोय. पेट्रोल वाहायला लागलं की तो ओढला जाऊन कॉकच्या जाळीवर बसतो, धार बारीक होते. वाहणं थांबलं, गाडी हलली, की तो जाळीवरून गळून पडतो. तुझ्या मिस्त्र्याने कार्बोरेटर धुतला तो खोटा नव्हता, पण घाण वरून येत होती. गटारी वाहत असताना अंगण झाडण्यासारखं ते.

टाकी उतरव. पेट्रोल सगळं काढ, कॉक काढ, पेट्रोलच्या काट्याचं युनिट काढ. जाळी कशी निघते बघ आणि सांग.

---

घाटाखालचा | ९ एप्रिल, सकाळी ११:४०

जाळी दिसतच नव्हती. कुंकवाचा लेप दिल्यासारखी लाल. बाटलीत काढलेलं पेट्रोल रात्रभर ठेवलं तर तळाला बोटभर वेगळा पाण्यासारखा थर, त्याखाली लाल गाळ. टाकीत मोबाइलच्या उजेडात बघितलं तर मागचा अर्धा भाग तांबडा. टाकी बदलू का धुऊ?

---

देवगिरी_रायडर | ९ एप्रिल, दुपारी १२:३०

संडास धुवायचं ॲसिड टाका, तासाभरात पांढरीशुभ्र.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ९ एप्रिल, दुपारी १:२०

नाही. ते ॲसिड गंजाबरोबर पत्राही खातं. माझ्याकडे एक टाकी अशीच धुतलेली आली होती, खालच्या जोडाला सुईएवढी तीन भोकं. शिवाय धुऊन वाळायच्या आत परत गंज धरते. त्याची वाफ छातीत जाते ते वेगळंच. आणि भोक पडलं म्हणून पेट्रोलच्या टाकीला कुणाकडून वेल्डिंग मारून घेऊ नका. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते, ती फुटते. माणसं मेलीत यात.

सायट्रिक ॲसिड आण. किराण्यात लिंबूसत्व म्हणून मिळतं. लिटरला ८०-१०० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भर. त्याआधी टाकी दिवसभर उघडी ठेवून वाफ जाऊ दे, साबणाच्या पाण्याने दोनदा खळखळून घे. कॉकचं तोंड रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद कर. रात्रभर ठेव. सकाळी ओत, मूठभर खायचा सोडा पाण्यात घालून हिसळ म्हणजे आंबटपणा मरेल, मग साध्या पाण्याने दोनदा. इथून पुढं घाई. उन्हात उलटी-सुलटी करून, पंक्चरवाल्याची हवा मारून तासाभरात खडखडीत वाळव आणि लगेच अर्धा कप इंजिन ऑइल आत फिरवून ओतून टाक. पत्र्याला तेलाचा हात लागला पाहिजे. मग पेट्रोल.

कुणी म्हणेल साखळी नाहीतर नट टाकून हलव. चालतं, पण मोजून टाक आणि मोजून काढ.

---

गोदाकाठ | गंगाखेड | ९ एप्रिल, दुपारी ४:००

आमच्याकडे चिंचेच्या पाण्याने तांब्याची भांडी घासतात, त्यातलाच प्रकार आहे हा. काका, तारेबद्दल बोलणार होता तुम्ही.

---

जुना_मिस्त्री | लातूर | ९ एप्रिल, रात्री ८:४५

हो. जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं असतं. तार फिरवली की ते मोठं होतं, वाकडं होतं. मग गाडी काळा धूर मारते, मायलेज जातं आणि कुणालाच कळत नाही का. क्लीनरचा स्प्रे मारा, हवा मारा, उजेडाकडे धरून गोल दिसतंय का बघा. अगदीच अडलं तर नायलॉनच्या मासेमारीच्या दोऱ्याचा तुकडा घाला. जेट महाग नाही, नाही निघाला तर नवा घाला. जाताजाता आणखी एक, स्लोवर गाडी टिकत नसेल तर पायलट जेट, फुल रेसला अडखळत असेल तर मेन जेट. कुठला खोलायचा ते तेवढ्यावर ठरवा.

---

काळी_माती | नांदेड | ९ एप्रिल, रात्री ९:१०

भोकाचा व्यास १० टक्क्यांनी वाढला तर त्यातून पेट्रोल जायची जागा (क्षेत्रफळ) २१ टक्क्यांनी वाढते. डोळ्याला फरक दिसत नाही, पेट्रोलला दिसतो.

---

गोदाकाठ | गंगाखेड | ९ एप्रिल, रात्री ९:२५

समजलं. माझी गाडी दोन वर्षं ४५ च्या वर जात नाही, त्याचं कारण बहुतेक हेच. उद्या जेट आणतो.

---

सोयाबीन_उत्पादक | औसा | १० एप्रिल, सकाळी १०:१५

हा धागा वाचून मी पण बाटली लावली. झाकण चांगलं, धार तीन मिनिटं एकसारखी, तरी वाटी रिकामी. मग कार्बोरेटरच्या बाजूची हवेची बारीक रबरी नळी बघितली तर तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं! काडीने काढलं, नळी फुंकली, गाडी ठीक. टाकीला जशी हवा लागते तशी वाटीला पण लागते हे माहीतच नव्हतं.

---

घाटाखालचा | १२ एप्रिल, रात्री ८:२०

सगळ्यांना नमस्कार. लिंबूसत्व एक किलो घातलं, एक रात्र आणि अर्धा दिवस ठेवलं. ओतलं तेव्हा काळपट-तांबडं पाणी निघालं. टाकी आतून करड्या रंगाची झाली, गंज कुठंच नाही. सोड्याने धुतली, उन्हात पत्र्यावर वाळवली, हवा मारली, तेल फिरवलं. कॉकची जाळी नवी घातली, पेट्रोलची नळी चिरलेली होती ती बदलली. वाटी खोलून आतला लाल गाळ पुसला, पायलट जेट स्प्रेने मोकळा केला. तार लावली नाही.

मग बाटली लावली. पहिलं मिनिट १९०, दुसरं १८५, तिसरं १८५.

काल आणि आज दोन्ही दिवस पूर्ण दूध घेऊन न थांबता वर गेलो. आज तर तिसऱ्या वळणावर मुद्दाम रेस वाढवून बघितली. गेली वर. एकूण खर्च ३४० रुपये. चुलत्याला नासलेल्या दुधाचे पैसे दिले, त्याने निम्मेच घेतले.

एक विचारायचं राहिलं. मधे एक फिल्टर बसवू का? आणि दिवाळीनंतर परत ऊसतोडीला जायचंय. गाडी पाच महिने उभी राहणार. टाकी भरून ठेवू का रिकामी?

---

जुना_मिस्त्री | लातूर | १२ एप्रिल, रात्री १०:००

फिल्टर बसव, पण मोठ्या तोंडाचा. तुझ्या गाडीला पंप नाही, बारीक फिल्टर घातला तर तोच नवा अडथळा होईल. नळी कुठंही वर चढून खाली उतरलेली नको, सरळ उतार पाहिजे. बसवल्यावर परत तीन मिनिटं बाटली लाव.

ऊसतोडीला जाताना टाकी रिकामी कर. महिना-दीड महिन्याचा प्रश्न असता तर काठोकाठ भरून ठेव म्हटलं असतं, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. पाच महिन्यांना या पेट्रोलचा भरवसा नाही. कॉकमधून सगळं काढ, टाकी वाळव, तेलाचा हात फिरव, झाकण लाव. वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून तीही कोरडी कर, नाहीतर राहिलेलं पेट्रोल आटून जेटात डिंकासारखं चिकटतं. बॅटरी चुलत्याच्या घरी ठेव. हवेच्या नळ्यांच्या तोंडाला जाळीचं फडकं बांध, कुंभारीण येते. चावीला एक चिठ्ठी बांध, "टाकी रिकामी आहे, आधी तेल पुसून काढ".

---

घाटाखालचा | १३ एप्रिल, पहाटे ५:०५

बरं काका. चिठ्ठी आत्ताच लिहून कपाटात ठेवली. दूध काढून झालंय, निघतो.